डेझर्ट मॅरिगोल्ड : हे रब्बीचं फूल आहे, झेंडूसारखं लावू नका

ॲरिझोनातल्या फिनिक्सच्या आसपास मार्च उजाडला की हायवेच्या दोन्ही कडा पिवळ्या होतात. खडी, मुरूम, टायरचे तुकडे आणि त्यातून वर आलेली, गुडघ्याच्याही खाली राहणारी पिवळीधमक फुलं. कुणी पाणी घालत नाही, कुणी बघत नाही. आणि दर वर्षी गणपतीत किंवा पाडव्याला कुणी ना कुणी मला विचारतंच, "अहो, रस्त्याकडेला एवढं माजतं, मग आमच्या अंगणात का मरतं?"

मी फिनिक्सजवळच्या चँडलरमध्ये सतरा वर्षं राहते. पहिल्या दोन प्रयत्नांत मीही हे झाड मारलं. एकदा लाडाने आणि एकदा अज्ञानाने. तिसऱ्यांदा जमलं, आणि आता पुढच्या अंगणात दरसाल आपसूक तीस-चाळीस रोपं उगवतात. हा लेख ॲरिझोना, नेवाडा, न्यू मेक्सिको, पश्चिम टेक्सास आणि कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी भागात राहणाऱ्यांसाठी आहे. पुण्या-नाशिकहून वाचणाऱ्यांसाठी शेवटाकडे एक वेगळा मुद्दा आहे, तो मात्र चुकवू नका.

आधी ओळख पटवा

नावात मॅरिगोल्ड असलं तरी याचा झेंडूशी संबंध फक्त कुळापुरता. दोन्ही सूर्यफूल कुळातली. आपली शेवंती, करडई, कारळा आणि डोंगरावरची सोनकीही त्याच कुळातली. पण झेंडूला लागणारं खत-पाणी याला दिलंत तर हे जगणार नाही. शास्त्रीय नाव बेलेया मल्टिरेडिएटा. विल्यम एमरी यांनी अमेरिकी लष्करी तुकडीबरोबर या मुलखातून केलेल्या प्रवासाचा अहवाल १८४८ साली छापला गेला, त्यात हे नाव पहिल्यांदा आलं. बेलेया हे जेकब व्हिटमन बेली (१८११–१८५७) या सूक्ष्मदर्शकातून शोध घेणाऱ्या अमेरिकी शास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ, आणि मल्टिरेडिएटा म्हणजे पुष्कळ किरणांची.

ते पुष्कळ किरण मोजून बघा. एका फुलाला साधारण ३४ ते ५५ पिवळ्या पाकळ्या असतात, प्रत्येकीच्या टोकाला तीन बारीक दाते. खरं तर ती एकेक पाकळी हे एकेक स्वतंत्र फूल, आणि मधली चकती म्हणजे शंभराहून जास्त चिमुकल्या फुलांचा गुच्छ. पानं बहुतेक सगळी बुडाशी, राखाडी, कातरलेली आणि दोन्ही बाजूंनी लोकरीसारखी लव असलेली. बोटांत धरलं की जुन्या घोंगडीचा तुकडा धरल्यासारखं वाटतं. ही लव ऊन परतवते आणि पानातून होणारी वाफ कमी करते. बुडाच्या झुबक्यातून एकेक लांब, जवळजवळ बिनपानांचा दांडा निघतो आणि प्रत्येक दांड्यावर एकच फूल. एवढं जुळलं तर हेच.

याच्या दोन बहिणी आहेत. बेलेया प्लेनिरेडिएटाच्या दांड्यांवर बरीच वरपर्यंत पानं असतात आणि तिच्या पाकळ्या थोड्या कमी असतात. बेलेया पॉसिरेडिएटाला तर अगदीच मोजक्या. अंगणासाठी मल्टिरेडिएटाच घ्यावी. ती एकाहून जास्त वर्षं टिकू शकते आणि फुलतेही जास्त काळ, मार्चपासून थेट नोव्हेंबरपर्यंत थांबत थांबत.

एक वेगळेपण मला फार आवडतं. या पाकळ्या गळून पडत नाहीत. फूल संपलं की त्या फिक्या पडतात, कागदासारख्या होतात आणि खाली वळून दांड्याला चिकटून राहतात. म्हणून काही जण याला पेपर डेझी म्हणतात. ते वाळलेलं फूल कापायचं की ठेवायचं हा प्रश्न पुढे येणारच आहे.

सगळं काही वेळेवर आहे

माझे वडील, आप्पा, मंगळवेढ्याचे. आमची तिथली शेती कोरडवाहू, मुख्य पीक रब्बीची ज्वारी. पहिल्या वर्षी मी मार्च महिन्यात नर्सरीतून तीन कुंड्या आणल्या. मार्चमध्ये दुकानं फुलांनी भरलेली असतात, मोह होतोच. खड्ड्यात पिशवीभर कंपोस्ट घातलं, ठिबकची नळी दिली, दिवसाआड पाणी सुरू. एप्रिलमध्ये झाडं अशी काही तरारली की मी फोटो काढून घरी पाठवले. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एक झाड हलकेच ओढलं, तर ते बुडापासून हातात आलं. खाली मूळ नव्हतंच, काळा चिखल होता.

आप्पांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "हे जंगलात कधी उगवतं?"

"हिवाळ्याच्या पावसावर."

"मग तू उन्हाळ्याच्या तोंडाला कशाला लावलंस? ज्वारी काय पाडव्याला पेरतो व्हय आपण?"

तिथे मला पहिल्यांदा उलगडा झाला. हे झाड रब्बीचं आहे. या वाळवंटाला दोन पाऊस मिळतात. डिसेंबर ते मार्च हलका, भिजवणारा हिवाळी पाऊस, आणि १५ जून ते ३० सप्टेंबर हा हवामान खात्याने ठरवलेला मान्सूनचा काळ, ज्यात वळिवासारखा धो धो कोसळून अर्ध्या तासात गायब होणारा पाऊस येतो. दोन्ही मिळून फिनिक्सला वर्षाकाठी २०० मिलिमीटरही पडत नाही. मंगळवेढ्याला आपण दुष्काळी म्हणतो, पण तिथे याच्या दुपटीहून जास्त पडतो. डेझर्ट मॅरिगोल्ड थंडीच्या तोंडाला उगवतं, थंडीभर जमिनीला चिकटून मूळ खोल घालतं आणि ऊन वाढलं की फुलतं.

तेव्हा पेरणी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत. दिवसाचं तापमान ९० फॅरनहाइटच्या, म्हणजे ३२ सेल्सिअसच्या खाली आलं की सुरुवात. गावाकडे हस्ताचा पाऊस ओसरल्यावर पेरणीची घाई उडते, त्याच सुमाराला थोडं मागेपुढे. टूसॉनला आठवडाभर आधी चालतं. आल्बुकर्कीसारख्या उंच, बर्फाच्या भागात मात्र एक तर थंडी पडण्याआधीच पेरून बी जमिनीत झोपू द्यावं, नाही तर कडाका सरल्यावर वसंतात पेरावं.

साम्य फक्त वेळेपुरतं आहे, हेही सांगून ठेवते. मंगळवेढ्याची काळी जमीन ओल महिनोन्महिने धरून ठेवते. इथली धरत नाही, आणि या झाडाला ती धरलेली चालतही नाही.

जागा आणि जमीन

ऊन पूर्ण हवं. दिवसाचे किमान सात-आठ तास, भिंतीला लागून उत्तरेकडे नको. सावलीत झाड मरत नाही, पण दांडे लांबडे होऊन लोळतात आणि पानांवर भुरी येते. दक्षिण किंवा पश्चिमेची, जिथे बाकी काही टिकत नाही अशी तापणारी जागा असेल तर ती यालाच द्या.

जमीन मुरमाड असेल तर तुमचं नशीब चांगलं. इथे बहुतेक घरांपुढे गवताऐवजी पसरतात तो डिकंपोज्ड ग्रॅनाइट म्हणजे आपला मुरूमच. त्यात हे उत्तम उगवतं. कंपोस्ट, शेणखत, युरिया, पॉटिंग सॉइल यांपैकी काही घालू नका. खताने पानं फोफावतात, फुलं कमी येतात आणि झाड मऊ पडतं.

खरी अडचण खाली असते. या भागात एक-दोन फुटांवर कॅलिची नावाचा थर लागतो, चुन्याने घट्ट झालेला, पहारीलाही न ऐकणारा. त्यावर पाणी साचलं की मुळं कुजतात. म्हणून पेरण्याआधी एवढं कराच. फूटभर खोल आणि तेवढाच रुंद खड्डा खणा, काठोकाठ पाणी भरा, जिरू द्या. मग दुसऱ्यांदा भरा आणि वेळ बघा. दुसरं पाणी चार-सहा तासांत गेलं तर निर्धास्त पेरा. दुसऱ्या दिवशीही तळाला पाणी दिसत असेल तर ती जागा सोडा, किंवा मुरूम आणि जाड वाळूचा नऊ-दहा इंचांचा उंचवटा करून त्यावर पेरा. उंचवटा दिसायलाही चांगला दिसतो. सपाट अंगणात नजर तिथेच जाते.

मुरमाखाली तण येऊ नये म्हणून काळं कापड अंथरलेलं असेल तर जिथे पेरायचं तेवढा तुकडा कापून काढा. कापडावरच्या दोन इंच मुरमात बी उगवतं, पण सोटमूळ खाली जायला वाट मिळत नाही आणि मे महिन्यात झाड वाळतं.

उगवणीपूर्व तणनाशक : माझा दुसरा पराभव

हा मुद्दा बागकामाच्या पुस्तकांत एका ओळीत उरकतात. मी जरा थांबणार आहे, कारण माझं अख्खं एक वर्ष यात गेलं.

दुसऱ्या वर्षी मी सगळं बरोबर केलं. ऑक्टोबरमध्ये पेरलं, हलकं पाणी दिलं, जाळी लावली. तीन आठवडे झाले, पाच झाले, एक कोंब नाही. बियाणं खराब म्हणून दुसरं आणलं, पेरलं, तेही गेलं. डिसेंबरमध्ये सहज लक्षात आलं की नुसतं माझं बीच नाही, तर तणही उगवलेलं नाही. हिवाळी पाऊस पडूनही जमीन साबणाने धुतल्यासारखी स्वच्छ. अंगणाची निगा राखणाऱ्या माणसाला विचारलं. सप्टेंबरमध्ये त्याने नेहमीप्रमाणे उगवणीपूर्व तणनाशक फवारलं होतं. त्याची काही चूक नव्हती, मीच कधी विचारलं नव्हतं.

हे औषध उगवणाऱ्या बियाचं पहिलं मूळच खुंटवतं. ते तण आणि रानफूल असा भेद करत नाही, आणि काही प्रकारांचा असर जमिनीत कित्येक महिने राहतो. या भागात ते साधारण वर्षातून दोनदा मारतात, थंडीच्या आधी आणि मान्सूनच्या आधी. तेव्हा पेरायचं ठरवलंत की उन्हाळ्यातच माळ्याला किंवा सोसायटीला, म्हणजे एचओएला, लेखी कळवा की अमुक जागा सोडा. त्या जागेभोवती चार दगड मांडून ठेवा. नुसतं तोंडी सांगून भागत नाही, कारण फवारायला येणारा माणूस दर वेळी वेगळा असतो. गेल्या काही महिन्यांत औषध पडलं असेल आणि कोणतं ते माहीत नसेल, तर वाटीभर त्या जागेची माती आणि वाटीभर दुसरीकडची माती दोन डब्यांत भरा, दोन्हींत मोहरी टाका. एका डब्यात मोहरी उगवली आणि दुसऱ्यात नाही, तर काय ते समजा.

बियाणं

रस्त्याकडेचं झाड उपटून आणायचं नाही. ॲरिझोनात बऱ्याच देशी झाडांना कायद्याचं संरक्षण आहे आणि परवानगीशिवाय सरकारी किंवा दुसऱ्याच्या जागेतून झाड काढता येत नाही. शिवाय आणलेलं जगतही नाही. सोटमूळ तुटलं की गेलं.

पाकीट घेताना शास्त्रीय नाव वाचा. "वाळवंटी रानफुलांचं मिश्रण" म्हणून जे विकतात त्यात कित्येकदा आफ्रिकन डेझी, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतली केशरी डायमॉर्फोथेका, भरपूर घातलेली असते. दिसते सुंदर, पण अंगणाबाहेर पसरते आणि देशी फुलांची जागा खाते. एकाच जातीचं पाकीट घ्या. एखाद्या ओळखीच्या बाईंकडे झाडं असतील तर सगळ्यात उत्तम. मुठीत मावेल एवढं बी पुरतं.

बी साधारण तीन-चार मिलिमीटर लांब, पेंढ्याच्या रंगाचं, उभ्या रेघा असलेलं, एका टोकाला कापल्यासारखं सपाट. गाजर किंवा जिऱ्याच्या बियाची आठवण होते. सूर्यफूल कुळातल्या पुष्कळ बियांना असते तशी म्हातारीची पिसं याला नाहीत. त्यामुळे ते दूर उडत नाही, आईच्या पायाशीच पडतं किंवा पावसाच्या लोंढ्याबरोबर खाली वाहत जातं. तुमच्या अंगणाचा उतार कुठे जातो ते पेरण्याआधी बघून ठेवा, पुढच्या वर्षी रोपं तिथे उगवणार आहेत.

पेरणी

जागेवरचा मोठा दगड-मुरूम बाजूला ओढा. दाताळ्याने वरचा अर्धा इंच ओरखडा, त्याहून खोल खणू नका. खोल खणलंत तर खाली झोपलेलं तणाचं बी वर येतं. आदल्या संध्याकाळी जागा चांगली भिजवा आणि सकाळी वाफसा आला की पेरा. मूठ दाबली तर माती गोळा व्हावी, पण हाताला चिकटू नये, एवढी ओल.

एक चहाचा चमचा बी, एक वाटी कोरडी वाळू, दोन्ही हाताने कालवा. साधारण पन्नास चौरस फुटांना पुरतं. वाळू घालायचं कारण असं की बी बारीक आहे, नुसतं फेकलं तर एका जागी ढीग पडतो. शिवाय पांढरी वाळू कुठे पडली ते दिसतं. अर्धं उभं आणि अर्धं आडवं फेका. मग दाताळ्याची पाठ फिरवा किंवा सरळ चपलेने दाबत चाला. बी जमिनीला टेकलं पाहिजे, पुरलं नाही पाहिजे. वर फार तर तीन मिलिमीटर माती. उगवायला त्याला उजेड हवासा असतो.

मग लगेच जाळी. गॅम्बेल्स क्वेल, म्हणजे डोक्यावर तुरा असलेली इथली लावरी, पेरलेलं बी टिपून खाते आणि ससे कोवळी रोपं कुरतडतात. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती तारेची जाळी चार विटांवर उताणी टाका. रोपं तीन इंचांची झाली की काढायची. मोठ्या लवदार पानांना ससे फारसे तोंड लावत नाहीत, निदान माझ्याकडे तरी.

पाणी, म्हणजे मुख्यतः न देणं

पहिले तीन आठवडे वरचा थर सुकू द्यायचा नाही. रोज एकदा, उन्हाचा दिवस असेल तर दोनदा, बारीक फवारा. नळीचा जोराचा झोत मारलात तर बी वाहून एका कोपऱ्यात गोळा होतं. दहा ते वीस दिवसांत कोंब दिसतात.

चार पानं आली की आठवड्यातून एकदा, पण जरा खोलवर. वरचेवर थोडं थोडं पाणी दिलं की मूळ आळशी होऊन वरच राहतं. जानेवारीत पाऊस पडत असेल तर पाणी पूर्ण बंद. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाऊस नसेल तर दोन आठवड्यांतून एकदा, म्हणजे फुलं भरून येतात. अजिबात दिलं नाहीत तरी झाड जगतं, फक्त बुटकं राहून लवकर बियावर जातं.

ठिबकचा एक ड्रिपर झाडाच्या बुडाशी ठेवणं हा इथला सर्वात मोठा खुनी. बोगनवेल आणि लिंबाला लागणारं पाणी ज्या नळीतून येतं त्याच नळीवर हे झाड कधीही नको. नळी जवळून जातच असेल तर तिथलं तोंड गुंडी लावून बंद करा.

रोप ओळखा, मग उपटा

डिसेंबरमध्ये तुमच्या तुकड्यात चार तऱ्हेचे कोंब असतील आणि उत्साहाच्या भरात नको ते उपटलं जाईल. मी उपटलंय. जमिनीवर उकिडवं बसून बघा. आपलं रोप सुरुवातीपासून राखाडी-पांढरट दिसतं, त्याच्या दुसऱ्या जोडीच्या पानांपासून लव स्पष्ट असते आणि पान चमच्यासारखं. लंडन रॉकेट हे मोहरीच्या जातीचं तण गडद हिरवं, गुळगुळीत आणि मुळ्याच्या पाल्यासारखं कातरलेलं. त्याला सरळ काढा.

तिसरं जास्त महत्त्वाचं, स्टिंकनेट. तेही सूर्यफूल कुळातलंच, दक्षिण आफ्रिकेतून आलेलं आणि आता फिनिक्सभर माजलेलं. पान गाजराच्या पाल्यासारखं बारीक, चुरडलं की उग्र वास, आणि वसंतात वाटाण्याएवढे गोल पिवळे गेंद, बिनपाकळ्यांचे. दुरून पिवळं दिसतं म्हणून लोक त्याला रानफूल समजून ठेवतात. ठेवू नका. हातमोजे घालून, फुलण्याआधी, मुळासकट काढा. फुललं असेल तर पिशवीत बांधून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको.

आपली रोपं दाट झाली असतील तर एक ते दीड फुटावर एक ठेवून बाकीची कात्रीने जमिनीलगत कापा. उपटलीत तर शेजारणीचं मूळ हलतं.

फुलं आणि उन्हाळा

ऑक्टोबरची पेरणी मार्चमध्ये फुलते. वाळलेली फुलं कापत राहिलात तर नवे दांडे येत राहतात, कारण बी धरण्याची मजल झाडाने गाठलेली नसते. दांडा अगदी पानांच्या झुबक्यापर्यंत खालून कापायचा. मध्येच कापलात तर सुया टोचल्यासारखे खुंट राहतात. मी स्वतः निम्म्याच झाडांची फुलं कापते. उरलेली बियांसाठी आणि लेसर गोल्डफिंच या चिमणीएवढ्या पिवळ्या पाखरांसाठी ठेवते. ती त्या बारक्या दांड्यावर लोंबकळून बी काढतात, तेव्हा दांडा जमिनीला टेकतो आणि पाखरू तरी सोडत नाही.

जूनमध्ये झाड थकल्यासारखं दिसतं. पानं आणखी पांढरी पडतात, फुलं थांबतात. इथे हात शिवशिवतात. पाणी देऊ नका. दिलंच तर महिन्यातून एकदा, पहाटे, झाडापासून वीतभर लांब. २०२३ साली ३० जून ते ३० जुलै असे सलग ३१ दिवस फिनिक्समध्ये पारा ११० फॅरनहाइट, म्हणजे ४३ सेल्सिअस, किंवा त्याच्या वर गेला. माझ्या झाडांपैकी तिसऱ्या वर्षात गेलेली बहुतेक त्या महिन्यात संपली, दुसऱ्या वर्षातली बरीचशी तगली. मान्सूनचा एखादा चांगला पाऊस झाला की सप्टेंबरात पुन्हा एक बहर येतो, वसंताइतका भरगच्च नसतो.

झाडाचं आयुष्य एक ते तीन वर्षं. तिसऱ्या वर्षी बूड लाकडासारखं होतं आणि मधोमध फाटतं. तेव्हा वाईट वाटून घेऊ नका, ऑक्टोबरमध्ये कापून टाका, जागा नव्या रोपांना मोकळी होईल.

कीड, रोग आणि एक विष

मावा कधी कधी कोवळ्या दांड्यांवर येतो, पाण्याचा फवारा मारला की जातो. कळीला भोक दिसलं आणि आत अळी असेल तर ती बहुधा शिनिया मिनियाना या पतंगाची, जिचं पोट या फुलांवरच भरतं. मी तिला काही करत नाही. दहा फुलांतली दोन तिची. मूळकूज सोडली तर या झाडाला मोठा रोग नाही, आणि मूळकूज आपणच आणतो.

विषाचं मात्र लक्षात ठेवा. या झाडातलं हायमेनॉक्सॉन हे द्रव्य मेंढ्यांना आणि शेळ्यांना बाधतं. चराई जास्त होऊन दुसरं काही उरलं नाही की मेंढ्या हे खातात आणि दगावतात. पश्चिम टेक्सासच्या मेंढपाळांनी ते नुकसान सोसलं आहे. गुरं आणि घोडे यांना तसा त्रास झालेला दिसत नाही. शहराबाहेर एकरभर जागा घेऊन शेळ्या पाळणारी आपली मंडळी आता बरीच आहेत, त्यांनी हे फूल कुंपणाच्या बाहेरच ठेवावं. आणि कुळ ओळखीचं आहे म्हणून पाकळ्या कोशिंबिरीवर टाकू नये.

तयार रोप किंवा कुंडी

पेरायचा धीर नसेल तर नर्सरीतलं एक गॅलनच्या कुंडीतलं रोप ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावा. चुकलंच तर फेब्रुवारी, मार्च नको. भरगच्च फुललेलं घेऊ नका, लहान आणि बिनफुलांचं घ्या. खड्डा कुंडीएवढाच खोल, दुप्पट रुंद. मुळांचा गोळा न फोडता सरकवा आणि बूड जमिनीपेक्षा बोटभर वर राहू द्या. निघालेलीच माती परत भरा. वर बारीक खडीचा थर द्या, म्हणजे खालची पानं ओल्या मातीला टेकत नाहीत. महिनाभर आठवड्याला दोनदा पाणी, नंतर वर सांगितल्याप्रमाणे.

बाल्कनी असेल तर मातीची, न रंगवलेली, फूटभर तरी खोल कुंडी. निम्मी जाड वाळू किंवा प्युमिस (ज्वालामुखीचा हलका, सच्छिद्र दगड), निम्मी साधी माती. खाली ताटली ठेवू नका. कुंडीतलं झाड एक हंगाम देतं, त्याहून जास्त अपेक्षा नको.

शेजाराला काय लावावं? निळी फॅसेलिया, गुलाबी पॅरीज पेन्स्टेमन, केशरी ग्लोबमॅलो. तिन्ही थंडीच्या पावसावर वाढतात आणि तिन्हींना पाणी तितकंच कमी लागतं.

महाराष्ट्रात लावता येईल का?

दर वर्षी पुण्याहून, सोलापूरहून एखादी मैत्रीण विचारते, "येताना चिमूटभर बी आण की." मी आणत नाही, आणि तुम्हीही आणू नका. परदेशातून बियाणं भारतात न्यायला २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे परवाना आणि रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं. पर्समधली पुडी हा काही मार्ग नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी गाजर गवत आठवा. तेही सूर्यफूल कुळातलं, तेही अमेरिका खंडातलं, १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नजरेस पडलं आणि आज देशभर आहे. हे फूल तसं माजेलच असं नाही; आपल्या जून-सप्टेंबरच्या पावसात बहुतेक कुजूनच जाईल. पण ते करून बघायची जागा आपलं अंगण नव्हे. ज्यांच्या गावी मेंढरं आहेत त्यांनी तर नाहीच.

बी धरणं आणि आपसूक उगवलेली रोपं

मे महिन्यात पाकळ्या कागदी होऊन खाली वळल्या आणि मधली चकती पिवळेपण सुटून पेंढ्याच्या रंगाची झाली की फूल खुडा. हिरवट असताना खुडलेलं बी पोकळ निघतं. आठवडाभर वर्तमानपत्रावर सावलीत पसरा, मग तळहातांत चोळा आणि ताटलीत हलकी फुंकर मारा. फोल उडतं, बी राहतं. कागदी पाकिटात भरून, वर साल लिहून, कपाटात ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत थोडी ओल राहिली तरी बुरशी धरते.

एवढं करूनही निम्मं बी जमिनीवर सांडलेलं असतंच. पुढच्या डिसेंबरात ते गाडीच्या वाटेत, फरशीच्या फटीत, शेजाऱ्याच्या निवडुंगाच्या आळ्यात उगवतं. हलवायचं असेल तर चारच पानं असताना, सोटमूळ बोटाएवढं होण्याआधी. आदल्या रात्री भिजवा आणि भाजीच्या मोठ्या डावाने खालची माती सहा इंच खोलीपर्यंत मुळासकट एकदम उचला. नव्या जागी तेवढाच खोल खड्डा आधीच तयार हवा. दोन दिवस वर उलटी टोपली ठेवा. सहा पानं झाली असतील तर हलवू नका. गाडी जरा बाजूला लावा.